कालवडीची कांडी आणि भ्रूण प्रत्यारोपण: पात्रता, कागदपत्रे, अर्ज

दवाखान्याच्या ओट्यावर हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, ती कालवडवाली कांडी आपल्याकडं मिळते का? फॉर्म कुठला भरायचा?" मागोमाग दुसरा असतो, "टेस्ट ट्यूब वासराला पाच हजार अनुदान म्हणे, खरं का?" कांडी म्हणजे गोठवलेल्या रेताची बारीक नळी, आणि कालवडवाली म्हणजे जिच्यातून बहुतेक कालवडच होते ती. टेस्ट ट्यूब वासरू म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेला भ्रूण गाईच्या गर्भाशयात सोडून झालेलं वासरू. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन्ही केंद्र सरकारच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून येतात, जे डिसेंबर २०१४ पासून चालू आहे. पण रस्ते वेगळे. पहिल्यात अर्ज असा जवळपास नाहीच. दुसऱ्यात कागद आहेत, पण पास व्हायचं असतं ते गाईला.

आधी बिल्ला बघा

कुठल्याही योजनेआधी जनावराच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला हवा आणि त्याची नोंद 'भारत पशुधन' या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर हवी. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराला सरकारी दवाखान्याची सेवा द्यायची नाही, असा आदेशच आहे. बिल्ला मारून घेणं पाच मिनिटांचं काम. खरी अडचण होते ती बाजारातून आणलेल्या गाईची. बिल्ला कानात असतो, पण ऑनलाइन नोंद जुन्या मालकाच्या नावावर. अनुदान मंजूर व्हायच्या वेळी नाव जुळत नाही आणि मग धावाधाव सुरू होते. गाय दावणीला बांधली की त्याच आठवड्यात खरेदीची पावती, आधार कार्ड आणि चालू मोबाईल क्रमांक घेऊन दवाखान्यात जा आणि मालकी बदलून घ्या.

बिल्ला तुटून पडला तर नवीन बिल्ला जुन्या नोंदीला जोडून मागा. घाईत नवीन जनावर म्हणून नोंद झाली, तर गाईचे वेत, आधीची रेतनं, लसी हा सगळा इतिहास जुन्या क्रमांकावरच राहतो. भ्रूण प्रत्यारोपणाच्या निवडीत नेमका तोच इतिहास बघतात.

लिंगवर्गीकृत रेतमात्रा

नेहमीच्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्राणू असतात आणि कालवड की गोऱ्हा हे निम्मं-निम्मं नशिबावर. लिंगवर्गीकृत कांडीत मादी वासरू देणारे शुक्राणू वेगळे काढून भरलेले असतात, साधारण वीस लाखांच्या आसपास. कालवड होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते. पण संख्या कमी आणि वर्गीकरणाच्या यंत्रातून गेलेले शुक्राणू नाजूक, त्यामुळे गाभ राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा थोडं कमी असतं. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून इथे सांगितलं.

म्हणून पात्रतेत जनावर बघा. कालवड किंवा पहिल्या-दुसऱ्या वेताची गाय, वजन भरलेलं, दर एकवीस दिवसांनी नेमाने माजावर येणारी, काचेसारखा स्वच्छ सोट (माजाचा चिकट स्राव) टाकणारी. तीन-तीनदा उलटलेल्या, म्हणजे रेतन करूनही गाभ न राहिलेल्या गाईला ही कांडी लावणं म्हणजे पैसे वाया. तिचा आधी इलाज करा, साध्या कांडीवर गाभण ठेवा, पुढच्या वेताला बघू.

कागद फारसे लागत नाहीत. आधार, मोबाईल क्रमांक आणि बिल्ला. दूध संघाचे सभासद असाल तर सभासद क्रमांकही द्या, कारण संघ आपला वाटा उचलतात. महाराष्ट्रात ही योजना आली तेव्हाची मांडणी अशी होती: एका मात्रेची किंमत ५७५ रुपये, त्यातले २६१ सरकारचे, १०० महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाचे, १३३ दूध संघाचे आणि उरलेले ८१ रुपये शेतकऱ्याचे. आता दर बदलतात, म्हणून त्या दिवशीचा दर विचारा आणि पावती घ्या. देशी तंत्राने वर्गीकरण सुरू झाल्याने किंमत उतरते आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी या तंत्राचं लोकार्पण केलं, तेव्हा मात्रेमागे सुमारे २०० रुपये वाचतील असं सांगितलं होतं.

रेतन करणारा आला की दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, तो वहीत उतरवून घ्या. दुसरं, कांडी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून काढल्यावर साधारण ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवायची असते. कुणी ती खिशात किंवा तळहातावर चोळून गरम करू लागला, तर त्याला थांबवा. तुमचे पैसे आहेत, लाजायचं कशाला? त्याच दिवशी रेतनाची नोंद भारत पशुधनवर झाली का, तेही विचारा. ती नसेल तर पुढची गाभण तपासणी आणि वासराची नोंद अडते.

भ्रूण प्रत्यारोपण

इथे दोन गाई लागतात. एक दाता, जिचं दूध आणि वंशावळ उत्तम. दुसरी सरोगेट, जी वासरू पोटात वाढवते. दात्या गाईच्या अंडाशयातून सोनोग्राफीच्या आधाराने सुईने स्त्रीबीजं काढतात. प्रयोगशाळेत ती साधारण एक दिवस पक्व होऊ देतात, मग रेताशी मिलन घडवतात आणि ३८.५ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये सात दिवस भ्रूण वाढवतात. सातव्या दिवशी तो सरोगेट गाईच्या गर्भाशयात सोडतात, किंवा गोठवून ठेवतात. हे तंत्र आपल्याकडे नवं नाही. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब रेडकू, 'प्रथम', कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९९० साली जन्मलं.

बहुतेक शेतकऱ्यांचा संबंध येतो तो सरोगेट गाईमुळे. अर्ज थेट दिल्लीला करायचा नसतो. तालुक्याच्या पंचायत समितीतले पशुधन विकास अधिकारी किंवा तुमचा दूध संघ यांच्याकडे इच्छुकांची यादी होते. आधार, बँक पासबुकची प्रत, बिल्ल्याचा क्रमांक, गाईचा फोटो, संमतीपत्र आणि पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला एवढी फाईल तयार ठेवा. जातीचा दाखला किंवा जमिनीचा कागद एखाद्या योजनेत लागतो, तो त्या जाहिरातीत दिलेला असतो.

यादीत नाव लागलं की तपासणी. ब्रुसेला, क्षय यांसारखे रोग नसावेत, गर्भाशय निरोगी असावं, विऊन साधारण दोन-तीन महिने झालेले असावेत. मग संप्रेरकांची इंजेक्शनं देऊन ठरलेल्या दिवशी माज आणतात. माजानंतर सातव्या दिवशी पथक येतं, अंडाशयावर पीतपिंड (स्त्रीबीज सुटल्यावर तिथे तयार होणारी, गर्भ टिकवणारी गाठ) नीट तयार झाला आहे का बघतं, आणि नसेल तर गाय बाजूला काढतं. इथे बऱ्याच जणांना राग येतो. फाईल पूर्ण, गाय सजवून उभी, आणि साहेब म्हणतात "हिला नको." पण पीतपिंडाशिवाय गर्भ टिकत नाही. एक महाग भ्रूण गमावण्यापेक्षा एक महिना थांबलेलं परवडतं. इंजेक्शनाच्या तारखा चुकवल्या तर मात्र दोष आपला.

अनुदान खात्रीशीर गाभण ठरल्यावर मोजलं जातं, प्रत्येक गर्भधारणेमागे ५,००० रुपये. भ्रूण सोडला त्या दिवशी काही मिळत नाही, आणि गाय उलटली तरी काही मिळत नाही. उरलेला खर्च कोण किती उचलणार हे संघाकडून लेखी घ्या. तोंडी हिशेबाने पुढे भांडणं होतात.

तयार कालवडच विकत घ्यायची असेल, तर मार्च २०२५ मध्ये मिशनमध्ये झालेल्या बदलांनुसार भ्रूण तंत्राच्या उच्च वंशाच्या कालवडी दूध संघ, बँक अशा ठिकाणी कर्ज काढून घेणाऱ्यांना व्याजावर ३ टक्के सवलत आहे. मी म्हणेन, आधी चारा आणि गोठा बघा. वीस लिटरच्या वंशाची कालवड वाळल्या कडब्यावर वीस लिटर देत नाही.

आमच्या खिलार वळूचं रेत साठवता येईल का?

घरच्या घरी नाही. रेत गोठवण्याचं काम मान्यताप्राप्त केंद्रांवरच चालतं. राज्यात पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी गोठित रेत प्रयोगशाळा आहेत, तर उरुळी कांचनला बायफ या संस्थेचं केंद्र. वळू केंद्रात घेण्याआधी त्याला वेगळा ठेवून क्षय, ब्रुसेला, आयबीआर (गाई-बैलांचा एक विषाणूजन्य रोग) अशा रोगांच्या चाचण्या होतात, वंशावळ आणि आईचं दूध बघतात. वळू दिसायला रुबाबदार आहे, यात्रेत पहिला आला, एवढ्याने चालत नाही. देवणी, डांगी, गवळाऊ, लाल कंधारी या देशी जातींचे चांगले वळू मिळत नाहीत ही ओरड खरी आहे. नोंदी ठेवलेला वळू असेल तर पशुसंवर्धन विभागाच्या जिल्हा उपायुक्तांना लेखी कळवा. सोबत त्याचा बिल्ला क्रमांक, आईच्या दुधाच्या नोंदी आणि फोटो जोडा.

वासरू झालं की पंधरा-वीस दिवस वाट बघत बसू नका. आईच्या क्रमांकाला जोडून त्याची नोंद करून घ्या, सरोगेट असेल तर दात्या गाईचा आणि वळूचा क्रमांकही चढवायला सांगा. दवाखाना लांब असेल किंवा गाय अडली असेल तर १९६२ ला फोन लावा, फिरतं पथक येतं. फोन करताना बिल्ल्याचा क्रमांक हाताशी ठेवा, पहिला प्रश्न तोच असतो.