खुशीचे पैसे बिलात कसे आले?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतलं एक कुटुंब दिवाळीत सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर निघालं होतं. नवरा-बायको, मुलगी आणि बँकेतून निवृत्त झालेले काका. तिकिटाचे पैसे भरून झाले होते, जेवणखाण त्यातच होतं. निघायच्या आठवडाभर आधी आलेल्या कागदांत मात्र एक वेगळी ओळ दिसली: ग्रॅच्युइटी, माणशी दर रात्री १८ डॉलर. चौघांचे चार रात्रींचे २८८ डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांच्या आसपास. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "टिप खुशीची असते ना? मग आम्ही खूश व्हायच्या आधीच ती बिलात कशी?" त्यांना आणखी एक गोष्ट खटकली होती. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपताना मालकाने नोकराला द्यायची रक्कम. इथे मालक कुठेच नाही आणि देणारे आपण.

प्रश्नाला पुणेरी वास आहे खरा, पण तो नेमक्या जागी बोट ठेवतो. त्यात आपल्याकडे या बाबतीत अलीकडेच बरंच काही घडलेलं. हॉटेलांनी बिलात परस्पर सेवाशुल्क लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. डेक्कनवर डोसा खाऊन बडीशेपेच्या ताटलीत किती ठेवायचे, हे आपलं आपण ठरवतो. परक्या देशाचा झेंडा लावून परक्या बंदरातून सुटणाऱ्या जहाजावर ही मुभा कुठून मिळणार?

जहाजावरची टिप जहाजावर जन्मली नाही. ती आली बड्या घरांच्या दिवाणखान्यातून. इंग्लंडमध्ये उमरावाकडे पाहुणा म्हणून गेलं की निघताना घरच्या नोकरांच्या हातावर पैसे ठेवावे लागत. या पैशांना 'व्हेल्स' म्हणत (माशाशी संबंध नाही). अठराव्या शतकापर्यंत हे इतकं वाढलं की जेवायला बोलावणं आलं तर जावं की नाही याचा विचार पडे, कारण दारात नोकरांची रांग उभी. जोनास हॅन्वे नावाच्या गृहस्थाने १७६० साली या प्रथेविरुद्ध पत्रांचं एक पुस्तकच छापलं. लंडनमध्ये छत्री घेऊन हिंडणारा पहिला पुरुष म्हणून ज्याची थट्टा झाली, तोच हा. त्याच काळातला सर टिमथी वॉल्डो यांचा किस्सा प्रसिद्ध आहे. ड्यूक ऑफ न्यूकॅसलकडे जेवून निघताना त्यांनी आचाऱ्याच्या हातावर चांदीचा क्राउन ठेवला. आचारी म्हणाला, मी चांदी घेत नाही. वॉल्डोंनी नाणं खिशात टाकलं आणि म्हणाले, मी सोनं देत नाही. सर टिमथींचं आजोळ सदाशिव पेठेत असावं, अशी मला दाट शंका आहे. मालकमंडळींनी ही प्रथा बंद करायचं ठरवलं तेव्हा, १७६४ साली, लंडनमधल्या नोकरांनी दंगा केला. ते स्वाभाविकच होतं. पाहुणे देतात म्हणून मालक पगार कमी देत होते. पाहुण्यांचं बंद झालं तरी मालक वाढवून देतीलच, याची खात्री कोणाला?

पुढच्या अडीचशे वर्षांत फार काही वेगळं घडलेलं नाही. मालक बदलले, पाहुणे बदलले, पगार मात्र पाहुण्याच्या खिशातूनच येत राहिला. 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस' या शब्दांच्या आद्याक्षरांवरून 'टिप' झाली, ही गोष्ट आपल्याकडेही मोठ्या हौसेने सांगितली जाते. ती बनावट आहे. सतराव्या शतकातल्या इंग्रज चोरांच्या बोलीत 'टिप' म्हणजे 'दे, सरकव' असा शब्द होता.

अमेरिकेत या प्रथेला खरं खतपाणी मिळालं ते यादवी युद्धानंतर. जॉर्ज पुलमन यांनी १८६७ साली आगगाडीच्या झोपायच्या डब्यांची कंपनी काढली आणि पोर्टर म्हणून नेमले ते नुकतेच गुलामीतून सुटलेले काळे पुरुष. बिछाने घालायचे, सकाळी उचलायचे, रात्री साहेबांचे बूट पुसून ठेवायचे. पुरा पगार हवा तर महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल भरायचे. तोही पगार इतका तुटपुंजा की घर चाले ते टिपवर. प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' अशी हाक मारत, कंपनीच्या मालकाचं नाव म्हणून. गुलामाला धन्याच्या नावाने हाक मारायची जुनी रीत रुळांवर आलेली. ए. फिलिप रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये या पोर्टरांची संघटना बांधली, आणि कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडलं. तेव्हा महिन्याचे तास २४० वर आले.

त्याच अमेरिकेत टिपविरुद्ध कायदेही झाले, हे आज कोणाला खरं वाटणार नाही. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिप देणंघेणं गुन्हा ठरवलं, पाठोपाठ आणखी काही राज्यांनी. १९२६ पर्यंत सगळे कायदे मागे घेतले गेले. मग १९६६ मध्ये उलटंच झालं: टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने किमान वेतनापेक्षा कमी दिलं तरी चालेल, असं केंद्राच्या कायद्यातच आलं. ही कमी रक्कम १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंटवर थिजलेली आहे.

आता बोटीकडे. पुण्याहून विलायतेला जायचं म्हणजे मुंबईला जाऊन बोट पकडायची, हे विमानं येईपर्यंत चाललं. गोखले १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले, टिळक १९१८ मध्ये लंडनला गेले, ते बोटीनेच. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर हा प्रवास आवाक्यात आला. पी अँड ओ सारख्या कंपन्यांच्या जहाजांवर पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला केबिन स्टुअर्ड असे. तो पाणी आणून देई, बिछाना घाली, कपडे झटकी, आणि बोट लागली तर भांडं धरून उभाही राही. प्रवास संपायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या हातावर काही ठेवायचं, हा अलिखित नियम.

हा स्टुअर्ड बहुतेक वेळा गोव्याचा असे. मुंबईत धोबीतलावला गोयंकारांचे कुड होते. एकेका गावाचा एकेक कुड, तिथे ट्रंक ठेवून पुढच्या बोटीची वाट पाहायची. डेकवरचे खलाशी कोकणातले, त्यांत रत्नागिरीकडचे मुसलमान पुष्कळ, आणि त्यांच्यावर सारंग आणि तांडेल. म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरची माणसं शंभर-दीडशे वर्षं टिपच्या घेणाऱ्या बाजूला उभी आहेत. देणाऱ्या बाजूला आपण आलो ते परवा. मराठी माणसाच्या आठवणीतली बोट म्हणजे कोकणची बोट. भाऊच्या धक्क्यावरून निघायची, डेकवर वळकटी पसरायची, दशम्या सोडायच्या आणि बंदर आलं की पडावात उतरायचं. तिथे कोण कोणाला टिप देणार? हमालाशी घासाघीस झाली तेवढीच.

म्हणूनच आपल्या भाषेत या पैशाला इतके शब्द असूनही जहाजावरच्या या ओळीला एकही नीट बसत नाही. फारसीतून आलेलं बक्षीस आहे. ते देणाऱ्याच्या मर्जीचं. चिरीमिरी आणि चहापाणी यांना टेबलाखालचा वास येतो. पोस्त हा सुंदर शब्द आता वाड्यांबरोबर चाललाय: दिवाळीला, शिमग्याला गडीमाणसांना, पोस्टमनला द्यायचं ते. ती मर्जी नव्हे, पण पगारही नव्हे. माझ्या मते जहाजावरच्या ग्रॅच्युइटीला सर्वांत जवळचा शब्द आहे बलुतं. सुतार, लोहार, न्हावी, परीट वर्षभर गावाचं काम करत आणि खळ्यावर आपला वाटा घेत. तो त्यांचा हक्क, कोणाचा उपकार नव्हे. पण माप कुणब्याच्या हातात, पीक बुडालं की वाटाही बुडाला, आणि जातीने बांधलेलं काम सोडून जायची सोय नाही. हक्क आणि लाचारी एकाच सुपात. क्रूझचा स्टुअर्ड करार संपवून घरी जाऊ शकतो, एवढा फरक आहे, आणि तो लहान नाही.

कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ सालचा. योगायोग असा की त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला अमेरिकन विमान कंपनी पॅन अ‍ॅमने बोइंग ७०७ ची न्यूयॉर्क-पॅरिस सेवा सुरू केली आणि प्रवासी जहाजांचं पोट गेलं. आठवड्याचा प्रवास काही तासांवर आल्यावर अटलांटिक बोटीने कोण ओलांडणार? रिकामी जहाजं मग सहलीला लागली. सहलीचं जहाज ही कल्पना जुनीच. हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बालिन यांनी १८९१ च्या हिवाळ्यात 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' रिकामं उभं ठेवण्याऐवजी भूमध्य समुद्रात फिरवलं होतं. पण आजचा धंदा उभा राहिला तो मायामीत: १९६६ मध्ये 'सनवर्ड' हे जहाज, १९६८ मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनी, १९७२ मध्ये कार्निव्हल कंपनी. कार्निव्हलचं पहिलं जहाज पहिल्याच फेरीत वाळूत रुतलं होतं.

या कंपन्यांचे ग्राहक अमेरिकन, जहाजांची नोंदणी पनामा, लायबेरिया नाहीतर बहामामध्ये, आणि नोकर फिलिपिन्स, इंडोनेशिया, भारत, कॅरिबियन बेटांवरचे. ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा. त्यामुळे अमेरिकेचं किमान वेतन लागू नाही. पगार नाममात्र ठेवायचा आणि उरलेलं अमेरिकन ग्राहकाच्या सवयीवर सोडायचं, हे गणित जमलं. तिकीट स्वस्त दिसतं, ते यामुळे.

सुरुवातीची पद्धत पाकिटांची होती. शेवटच्या रात्री केबिनमध्ये कोरी पाकिटं ठेवलेली असत, कोणाला दिवसाला किती द्यावं याच्या छापील सूचनेसह. केबिन स्टुअर्डचं एक, वाढप्याचं एक, त्याच्या मदतनिसाचं एक. हे चालायचं, कारण जेवायचं टेबल आणि वाढपी सात दिवस तेच. 'नॉर्वेजियन' नावाच्या क्रूझ कंपनीने २००० मध्ये 'वाटेल तेव्हा, वाटेल तिथे जेवा' अशी टूम काढली आणि पाकीट द्यायचं कोणाला हेच कळेना. मग रक्कम खात्यावर आपोआप चढू लागली. हॉलंड अमेरिका कंपनी 'टिपची गरज नाही' असं अभिमानाने सांगायची; तिनेही २००४ मध्ये ते सोडलं. आज मोठ्या कंपन्यांत साध्या केबिनला माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर पडतात, स्वीटला, म्हणजे ऐसपैस केबिनला, जास्त, आणि बारमधल्या पेल्यावर १८ ते २० टक्के वेगळे. उलट वाटेनेही काही गेले. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने मे २०१९ पासून ही रक्कम भाड्यातच धरली. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे करता येतं तर."

करता येतं. पण बाकीच्या कंपन्या करत नाहीत तोवर खात्यावरची रक्कम काउंटरवर जाऊन काढून टाकणं हा त्यावरचा इलाज नव्हे. पुष्कळ कंपन्यांत ती काढता येते, आणि 'आम्ही काढली' हे सहलीहून आल्यावर पराक्रमासारखं सांगणारे पुण्यात आहेत. ही रक्कम एका माणसाची नसते. केबिन, जेवणघर आणि पडद्याआडचे धुलाईवाले यांच्यात ती वाटली जाते. ती काढून स्टुअर्डला परस्पर नोट दिली, तर काही कंपन्यांत ती त्याला सामायिक रकमेत जमा करावी लागते. आपण मालकाला धडा शिकवायला जातो आणि माप खळ्यावरच्या माणसाचं कमी होतं.

चांगल्या सेवेचं म्हणाल तर स्टुअर्डकडे पंधरा-वीस केबिन असतात. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ चा, लागू झाला २० ऑगस्ट २०१३ पासून. भारतानेही तो २०१५ मध्ये मान्य केला. दिवसातून किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती, असं त्यात आहे. म्हणजे आठवड्याला नव्वद तासांपर्यंत काम कायदेशीरच. करोनानंतर अनेक जहाजांवर केबिन दोनदाऐवजी एकदाच आवरतात. सकाळी की संध्याकाळी, हे पहिल्याच दिवशी विचारतात. तेव्हाच त्याचं नाव विचारून घ्यावं आणि काय हवं ते एकदम सांगावं: पलंग जोडायचे की वेगळे, जादा उशी, जादा हँगर, आजोबांसाठी रोज बर्फ. रोज एकेक मागणी करत त्याला वीस केबिनमधून पळवण्यात अर्थ नाही. इस्त्री आणि चहाची किटली बॅगेत टाकू नये. आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर त्या चढतानाच काढून घेतात. वर काही द्यायचं असेल तर डॉलरच्या नोटा, नाणी नकोत.

आता 'कॉर्डेलिया' या क्रूझ कंपनीमुळे २०२१ पासून मुंबईहूनच क्रूझ मिळते. मॉडेल कॉलनीतल्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजांतून बाहेर पडलेली पोरंही सीडीसी (जहाजावर नोकरीसाठी लागणारं ओळखपुस्तक) काढून परदेशी जहाजांवर जातात, सहा-सात महिन्यांच्या करारावर. आमच्याच सोसायटीत एकाचा मुलगा आहे. सुट्टीत घरी असतो तेव्हा त्याला पगार नसतो. काका निघण्याआधी त्याच्याशी तासभर बोलले. काय बोलले ते दोघांनीही सांगितलं नाही, पण काकांनी २८८ डॉलर निमूट भरले.

शिवाय वीस डॉलरचं एक पाकीट वेगळं नेलं. वर शाईने, बँकेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'दिवाळी पोस्त'. स्टुअर्ड निघाला इंडोनेशियाचा. त्याला वाटलं, ते काकांचं नाव आहे. उतरताना तो दोन्ही हात जोडून म्हणाला, "थँक यू, मिस्टर पोस्त."