स्पायना बायफिडा : गर्भातील शस्त्रक्रियेची पात्रता

आईच्या पोटात असतानाच बाळाच्या मणक्याचा उघडा भाग शिवून बंद करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोणती गर्भवती पात्र ठरते, हे ठरवणारे निकष. गर्भधारणेनंतर २८ दिवसांत, म्हणजे पाळी चुकल्याचे कळते न कळते तोच, चेतानलिका, म्हणजे जिच्यातून मेंदू व मज्जारज्जू घडतात ती नळी, मिटायची असते. ती न मिटल्यास मज्जारज्जू पाठीवर उघडा पडतो; हाच स्पायना बायफिडा. पुढचे महिने गर्भजल आणि घर्षण त्याला इजा करत राहतात. मेंदूभोवतीचे पाणी तिथून पाझरते व लहान मेंदू मानेकडे ओढला जातो. सोनोग्राफीत कवटी कपाळाशी चेपून लिंबासारखी आणि लहान मेंदू केळ्यासारखा वाकलेला दिसतो.

गर्भातील आणि जन्मानंतरच्या शस्त्रक्रियेची तुलना करणाऱ्या, अमेरिकेत २००३ ते २०१० दरम्यान झालेल्या ‘मॉम्स’ चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्या ८२ टक्के बाळांना वर्षभरात डोक्यातले पाणी उतरवण्यासाठी शंटची (आत बसवलेल्या नळीची) गरज पडली, गर्भात झालेल्यांपैकी ४० टक्क्यांना. अडीच वर्षांच्या वयात आधाराविना चालणाऱ्यांचे प्रमाण २१ वरून ४२ टक्क्यांवर गेले. किंमत आईही मोजते: बाळंतपण सरासरी ३४ व्या आठवड्यातच होते, गर्भाशयाची शिवण उसवण्याचा धोका असतो आणि खुल्या शस्त्रक्रियेनंतरची सगळी बाळंतपणे सिझेरियननेच करावी लागतात.

चाचणीचे निकष कडक होते. एकच गर्भ, लहान मेंदू खाली सरकलेला, गुणसूत्रे निर्दोष; आईचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा अंक) ३५ पेक्षा कमी आणि गर्भारपणापूर्वीपासून इन्सुलिनवर असलेला मधुमेह नको. मधुमेह व लठ्ठपणा यांनी याच व्यंगाचा धोका वाढतो, तेव्हा दार बंद झाले ते नेमके जास्त जोखमीच्या आयांसाठी. चाचणीपुरती ही काटेकोरी योग्यच होती, पण उपचाराची वेस म्हणून ती कायम ठेवणे अन्यायाचे ठरले असते. पुढे काही केंद्रांनी बीएमआयची मर्यादा ४० पर्यंत नेली आणि आटोक्यातला मधुमेह असलेल्या आयांचाही विचार सुरू केला. दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेत गर्भाशयावरचा मोठा छेद टळतो आणि काही आयांना नैसर्गिक बाळंतपणही शक्य होते.

वेळेची अट मात्र सहसा सैल होत नाही. शेवटच्या पाळीपासून मोजून १९ आठवडे पूर्ण झाल्यापासून २५ आठवडे ६ दिवसांपर्यंत, म्हणजे जेमतेम सात आठवडे. गावाकडे दिवस महिन्यांत मोजतात. त्या हिशेबाने ‘सहावा संपायच्या आत’. सातारा-सांगलीत ही अट सर्वांत जड जाते. माण, जत, आटपाडीची बाई ऊसतोडीच्या फडावर असेल, तर पाचव्या महिन्याची व्यंग पाहणारी सोनोग्राफी सहज पुढे ढकलली जाते. कऱ्हाड किंवा मिरजेत निदान झाले तरी पुढे पुण्या-मुंबईच्या गर्भवैद्यकतज्ज्ञाची भेट, गर्भजलाची तपासणी, तिच्या अहवालाची वाट यांत आठवडे सरतात. शेवटच्या पाळीची तारीख आशाताईच्या वहीत वेळेवर नोंदलेली असणे, हाही इथे पात्रतेचाच भाग आहे.

त्याच सुमारास कुटुंबाला दुसराही निर्णय घ्यावा लागतो. गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक गटांतील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो. गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यानंतरही. आधीच्या गर्भात हे व्यंग आढळले असेल, तर पुढच्या खेपेस दिवस राहण्यापूर्वीच फॉलिक ॲसिडची मोठी मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करतात. जास्त जोखीम नसलेल्या इतर स्त्रियांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते.