रोब्यूशाँ, झोएल

रोब्यूशाँ, झोएल : (७ एप्रिल १९४५ – ६ ऑगस्ट २०१८). फ्रेंच शेफ. जन्म प्वातिए येथे, गवंड्याच्या घरात. पाद्री व्हायचे म्हणून ते मोलेआँच्या सेमिनरीत गेले आणि तिथल्या नन्सना मदत करता करता स्वयंपाकघरात रमले. १५ व्या वर्षी प्वातिएमधल्याच एका हॉटेलात पेस्ट्री विभागात उमेदवारी सुरू केली. पुढे गावोगावी काम करत हुन्नर शिकणाऱ्या ‘काँपान्याँ’ कारागिरांच्या संघात शिरले. हाताला शिस्त लागली ती इथे.

१९७४ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, पॅरिसच्या काँकॉर्द लाफायेत हॉटेलात सुमारे ९० स्वयंपाक्यांचे ते प्रमुख झाले. १९७६ मध्ये ‘मेयर उव्रिए द फ्राँस’ हा सर्वोत्तम कारागिराचा किताब मिळवला. डिसेंबर १९८१ मध्ये ‘जामँ’ हे रेस्टॉरंट हाती घेतले आणि १९८४ पर्यंत रेस्टॉरंटांचा दर्जा ठरवणाऱ्या मिशलँ मार्गदर्शिकेचे तिन्ही तारे पटकावले. मोठ्या ताटलीत चिमूटभर पदार्थ मांडण्याच्या त्या काळच्या फॅशनपेक्षा त्यांची चाल वेगळी होती. एका पदार्थात तीन-चारच मुख्य जिन्नस, आणि प्रत्येकाची चव ओळखू आली पाहिजे. कॅव्हिअरची (माशाच्या खारवलेल्या अंड्यांची) जेली व फ्लॉवरचे क्रीम ही त्यांची गाजलेली डिश असली, तरी नाव झाले ते बटाट्याच्या प्युरेने.

ही प्युरे वाचायला सोपी, करायला जिकिरीची. १ किलो ‘रात’ जातीचे, लहान, घट्ट गराचे बटाटे सालीसकट गार पाण्यात टाकून उकडायचे. लिटरमागे १० ग्रॅम मीठ. आधी सोलले तर गर पाणी पितो आणि मग लोणी नीट सामावत नाही. सुरी सहज आरपार गेली की पाणी काढून गरम असतानाच सोलायचे आणि बारीक चकतीच्या, आपल्या पुरणयंत्राच्या जातीच्या, यंत्रातून काढायचे. मिक्सर अजिबात नको : पात्याने पेशी फुटतात, स्टार्च मोकळा होतो आणि प्युरेची खळ होते. मग पातेल्यात चार-पाच मिनिटे मंद आचेवर हलवत ओल उडवायची. २५० ग्रॅम अगदी गार लोणी तुकड्या-तुकड्याने घालून जोरात घोटायचे. वितळवलेले लोणी ओतले तर तूप सुटून वर तरंगते. गार लोणी सावकाश विरघळत गरात एकजीव होते. शेवटी २०० ते ३०० मिली उकळते सायीचे दूध, बारीक धारेने. बटाटा जितके मागेल तितकेच. अखेर सगळे बारीक चाळणीतून घासून काढायचे. बहुतेकांची प्युरे बिघडते ती ओल उडवण्याच्या पायरीला घाई केल्याने.

ताणाने सहकारी शेफ हृदयविकाराला बळी पडताना पाहून रोब्यूशाँ १९९६ मध्ये, पन्नाशी उलटताच, स्वयंपाकघरातून निवृत्त झाले आणि दूरचित्रवाणीवर रोजचा स्वयंपाक शिकवू लागले. २००३ मध्ये टोकियो व पॅरिस येथे ‘आतलिए’ नावाची रेस्टॉरंटे उघडून ते परतले. जपानी सुशीच्या काउंटरसारखी लाल-काळी बैठक, उंच स्टुले आणि डोळ्यांसमोर चालणारे काम, अशी ती मांडणी. पांढरा टेबलक्लॉथ गेला, पण पाककृतीतली काटेकोरी तशीच राहिली. पुढे लास व्हेगास, हाँगकाँग, लंडन अशा शहरांत शाखा निघाल्या आणि त्यांच्या रेस्टॉरंटांचे एकूण मिशलँ तारे ३० च्या वर गेले. इतके दुसऱ्या कोणाही शेफला मिळालेले नव्हते. गॉर्डन रॅमझी व एरिक रिपेर हे शेफ त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी. जिनिव्हा येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले.