रानातली मुळी आणि बाटलीतले रोप: एका तुलनेची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत रोपे वाढवण्याची पद्धत, म्हटले की करमाळ्याकडची केळी किंवा सांगोल्याची डाळिंबे आठवतात. तेथे रोपे एकसारखी आणि निरोगी निघाली की काम झाले. दुर्मीळ औषधी वनस्पतीचे तेवढ्याने भागत नाही. जंतूंना रोखण्याचा रानातल्या मुळीचा गुण बाटलीत वाढलेल्या रोपात उतरतो का, हे पाहावे लागते.

हा प्रश्न दोन निरनिराळ्या संशोधनांच्या संगमावर उभा राहिला. पेनिसिलिनचे यश दिसू लागताच हिरव्या वनस्पतींतही असे पदार्थ शोधले जाऊ लागले, आणि इंग्लंडमध्ये ऑसबर्न यांनी सुमारे २,३०० जाती तपासून १९४३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने भारतीय वनस्पतींच्या तपासणीची मालिका १९६८ मध्ये सुरू केली. दुसरीकडे, वनस्पतीची एकेक पेशी वेगळी वाढवता येईल ही हाबरलांट यांची १९०२ मधील कल्पना मुराशिगे आणि स्कूग यांच्या १९६२ मधील पोषक माध्यमामुळे प्रयोगशाळांच्या रोजच्या वापरात आली.

दोहोंना एकत्र आणले ते टंचाईने. रुस्तम वकील यांचा सर्पगंधेवरील लेख १९४९ मध्ये आल्यावर रक्तदाबासाठी तिची मागणी जगभर वाढली. औषध मुळात असल्याने झाड उपटण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि १९९० मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. अशा वनस्पती रानाऐवजी बाटलीत वाढवण्याची गरज त्यातून पुढे आली.

बाटलीतले ते कमअस्सलच, हा समज मात्र जपानने १९८३ मध्येच खोटा ठरवला. तेथील शिकोनिन हा जीवाणूरोधक लाल रंग एका दुर्मीळ वनस्पतीच्या मुळांत काही वर्षांनी एक-दोन टक्के साठतो. पेशीसंवर्धनात तो काही आठवड्यांत त्याच्या कितीतरी पट मिळाला. त्यासाठी माध्यमातला अमोनियम काढावा लागला, कारण त्याने पेशी वाढतात पण रंग तयार होत नाही. वाढ आणि गुण यांचे नेहमीच जमते असे नाही, ही गोष्ट केळीच्या हिशेबाने विचार करणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही.

चाचणी दिसायला सोपी आहे. जीवाणू पसरलेल्या आगरमध्ये, म्हणजे जंतू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरात, छोटी भोके पाडून त्यांत अर्क भरतात, आणि रात्रभर उबवल्यावर भोवती पडलेले स्वच्छ वर्तुळ, विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘झोन’, मिलिमीटरमध्ये मोजतात. पण आगरात मंद पसरणारा प्रभावी पदार्थही लहान झोन देतो, म्हणून किमान रोधक मात्रा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारे अर्काचे सर्वांत कमी प्रमाण, काढणे आवश्यक ठरते. अर्क ज्या द्रवात काढला त्या नुसत्या विद्रावकाचे, उदाहरणार्थ मिथेनॉलचे, भोक शेजारी नसेल, तर जंतू अर्काने रोखले की मिथेनॉलने, हेही सांगता येत नाही. त्यात सोलापुरातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली मुळी कोणत्या रानातली, किती वर्षांची, हे ठाऊक नसते. तिच्यासमोर बाटलीतले कोवळे पान ठेवून काढलेला निकाल माझ्या मते तुलना या नावाला पात्र नाही.

एकाच घटकाचे मोजमापही पुरत नाही. दारुहळदीच्या कुळातील काही झाडांत बर्बेरिन या जीवाणूरोधक घटकासोबत दुसरा एक पदार्थ असतो; तो स्वतः जंतू मारत नाही, पण बर्बेरिन बाहेर फेकणारा जंतूचा पंप अडवतो, हे २००० मध्ये दाखवले गेले. शिवाय रानातल्या झाडाच्या ऊतींत बुरशी आणि जीवाणू वस्तीला असतात आणि त्यांतले काही स्वतःच जीवाणूरोधक द्रव्ये तयार करतात. संवर्धनापूर्वी तुकडा निर्जंतुक करताना आणि पुढे बाटलीत वाढवताना ही वस्ती बरीच कमी होऊ शकते. त्यामुळे बाटलीतल्या रोपाचा झोन लहान आला, तर उणीव झाडात आहे की त्याच्या गेलेल्या सोबत्यांत, याचा वेगळा शोध घ्यावा लागतो.