कफोत्सारक औषध : मात्रा आणि वापर

छातीत साचलेला कफ पातळ करून तो खोकल्यावाटे बाहेर पडायला मदत करणारे औषध म्हणजे कफोत्सारक. डेक्स्ट्रोमेथॉर्फनसारखे खोकला दाबणारे औषध नेमके उलटे काम करते, त्यामुळे बेडका सुटत असताना ते घेतले तर कफ आतच राहतो. मेडिकलच्या काउंटरवर मात्र दोन्हींना ‘खोकल्याचे औषध’ एवढेच म्हणतात आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

नाशिक जिल्ह्यात या बाटल्यांचा हंगाम थंडीचा. निफाडकडे पारा कधी कधी 5 अंशांखाली उतरतो. त्याच दिवसांत द्राक्षबागांत फवारणी आणि गंधकाची धुरळणी चालते, कांद्याच्या खळ्यावर आणि चाळीत धूळ उडते. छाती भरली की माणूस कामाचा खाडा न करता मेडिकल गाठतो.

या गटातले मुख्य औषध ग्वायफेनेसिन. ते श्वासनलिकांतला स्राव वाढवते, त्यामुळे कफ सैल होतो. प्रौढांसाठी साध्या (मंदगतीने न विरघळणाऱ्या) स्वरूपात 200 ते 400 मिलिग्रॅम दर 4 तासांनी, आणि 24 तासांत जास्तीत जास्त 2,400 मिलिग्रॅम, ही त्याची रूढ मर्यादा. ब्रोमहेक्सिन आणि अँब्रॉक्सॉल कफाचा चिकटपणा कमी करतात. आपल्या कुंपणाला लावतात त्या अडुळशातल्या व्हॅसिसिन या घटकावरून ब्रोमहेक्सिन तयार झाले, आणि ब्रोमहेक्सिनचेच शरीरात अँब्रॉक्सॉल बनते. म्हणून एका बाटलीत एक आणि दुसरीत दुसरे असले, तरी दोन्ही घेणे म्हणजे एकाच औषधाची दुप्पट मात्रा घेणे होय.

खरी अडचण मिश्रणांची आहे. बाजारातल्या अनेक सिरपमध्ये 5 मिलिलिटरला ग्वायफेनेसिन 50, ब्रोमहेक्सिन 4 आणि टर्ब्युटालिन (श्वासनलिका रुंद करणारे औषध) 1.25 मिलिग्रॅम असते. ‘ग्वायफेनेसिन 400 पर्यंत चालते’ एवढेच वाचून कुणी हिशेब मांडला, तर तो 40 मिलिलिटर सिरप पिईल. त्यातून पोटात जाणारे टर्ब्युटालिन 10 मिलिग्रॅम. प्रौढाला ते एका वेळी साधारण 2.5 ते 5 मिलिग्रॅम देतात. परिणाम : हाताला कंप, छातीत धडधड, आणि हृदयविकार असेल तर जिवाला धोका. मिश्रणाची मात्रा त्यातल्या सर्वांत तीव्र घटकावरून ठरते, हे लेबल वाचताना पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवे. टर्ब्युटालिन किंवा त्याच प्रकारचे साल्ब्युटामॉल असलेली सिरपे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायची असतात. मेडिकलवाल्याने चिठ्ठी न मागता दिली म्हणून ती निर्धोक ठरत नाहीत.

मोजमापाकडेही काटेकोर पाहावे लागते. ‘दोन चमचे’ म्हणजे 10 मिलिलिटर, पण ते 5 मिलिलिटरच्या औषधी चमच्याने. घरातले चमचे लहानमोठे असतात, आणि भाजी वाढायच्या चमच्यात त्याच्या तिप्पटही मावते. बाटलीसोबतचे खुणांचे टोपण सपाट जागी ठेवावे, डोळे त्याच्या रेषेत आणून रेघेपर्यंत भरावे. थेट बाटली तोंडाला लावून घेतलेल्या घोटाचे माप कुणालाच सांगता येत नाही. एखादी मात्रा राहिली, तर ती भरून काढायला दुप्पट घेऊ नये.

सर्दीच्या गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल (तापावरचे), क्लोरफेनिरामाइन (शिंका आणि वाहत्या नाकावरचे), फिनाइलेफ्रिन (चोंदलेले नाक मोकळे करणारे) असते, आणि सिरपमध्येही तेच असू शकते; दोन्ही घेतले तर मात्रा दुप्पट होते. क्लोरफेनिरामाइनने झोप येते, त्यामुळे ते घेऊन ट्रॅक्टर किंवा पिकअप चालवू नये. फिनाइलेफ्रिनने रक्तदाब चढू शकतो. मधुमेह्यांनी सिरपमधली साखर पाहावी. गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये.

लहान मुलांबाबत सवलत नाही. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी औद्योगिक रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपने वीसहून जास्त मुले दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावले : 2 वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि 5 वर्षांखालील मुलांना ती सहसा सुचवू नयेत. मोठ्या भावाच्या बाटलीतले ‘अर्धे’ धाकट्याला देण्याची घरोघरची सवय म्हणूनच घातक आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मधही देऊ नये.

कफोत्सारकाचा फायदा मर्यादितच असतो. भरपूर कोमट पाणी आणि विश्रांती यांनीही बराच आराम पडतो. धाप, ओठ निळसर होणे, थुंकीत रक्त किंवा छातीत कळ असेल, तर सिरपची वाट न पाहता दवाखाना गाठावा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर सरकारी दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी मोफत होते.