फडाचा बांध कुठं आहे?

तासगावकडच्या एखाद्या घरात पंचेचाळिशीचा माणूस चालताना झोकांड्या खाऊ लागतो. आधी गावाला वाटतं, दारू पितोय. मग हात-खांदे आपोआप हलायला लागतात, चिडचिड वाढते आणि कुणीतरी लागीर झाल्याचं सांगतं. घरातली म्हातारी मात्र म्हणते, ‘याच्या बापाचंही असंच झालं होतं.’ मिरजेच्या न्यूरोलॉजिस्टच्या कानावर हे वाक्य पडलं की संशय हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारावर जातो. चौथ्या गुणसूत्रावरचं एचटीटी हे जनुक त्याला कारण आहे, ते १९९३ मध्ये सापडलं. त्यात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं ओळीनं पुन्हा पुन्हा येतात. २६ वेळांपर्यंत काही बिघडत नाही. ३६ ते ३९ असतील तर आजार होईल किंवा होणारही नाही. ४० आणि त्यापुढे, माणूस पुरेसा जगला तर, होतोच.

म्हणजे काम नुसतं मोजण्याचं. तरीही संपूर्ण जीनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, वाचून ‘कारण सापडलं नाही’ असा अहवाल येऊ शकतो, आणि तो देणाऱ्यानं कामचुकारपणा केलेला असतोच असं नाही.

सुरुवात ३ ते ५ मिली रक्तानं होते. बाटली जांभळ्या टोपणाची, रक्त गोठू न देणारं ईडीटीए असलेली हवी. हिरव्या टोपणाच्या बाटलीत हेपॅरिन असतं, ते पुढच्या पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या नकला काढण्यात, खोडा घालतं. सांगलीहून नमुना बाहेर पाठवताना घाईत नेमकी हीच चूक होऊ शकते. यंत्र डीएनए सलग वाचत नाही. ३१० कोटी अक्षरांचा ग्रंथ आधी फाडला जातो आणि प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं दीडदीडशे अक्षरं वाचली जातात. या वाचनाला ‘रीड’ म्हणतात. प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली जावी म्हणून अशी साठेक कोटी रीड लागतात. मग ‘बीडब्ल्यूए’सारखा प्रोग्रॅम एकेक रीड जीआरसीएच३८ या संदर्भ जीनोमवर, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाण प्रतीवर, तिच्या जागी बसवतो, एकाच तुकड्याच्या पीसीआर-नकला बाजूला काढल्या जातात, आणि ‘जीएटीके’ संदर्भाहून वेगळं काय आहे त्याची यादी करतो. माणशी ४० ते ५० लाख फरक निघतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी.

आता वाळव्याच्या शिवारातला उसाचा फड डोळ्यांसमोर आणा. वरून घेतलेल्या प्रत्येक फोटोत फक्त १५० फूट मावतं. फड १२० फुटांचा असेल तर एखाद्या फोटोत दोन्हीकडचे बांध येतात आणि लांबी मोजता येते. फड १८० फुटांचा निघाला की एकाही फोटोत दोन्ही बांध येत नाहीत. मधल्या फोटोंत तर नुसता ऊसच ऊस, तो या फडाचा की शेजारच्या हेही सांगता येत नाही. सीएजीचं हेच गणित आहे: ४० वेळा म्हणजे १२० अक्षरं, दोन्ही बाजूंना मिळून उरली जेमतेम ३०. लहान वयात आजार सुरू झालेल्यांत हा आकडा बरेचदा ६० च्या वर असतो. तिथं १८० अक्षरं होतात आणि रीड संपते. एकदोन अक्षरांचे फरक शोधायला लिहिलेला प्रोग्रॅम अशा जागेवरून मुकाट पुढं जातो. ‘इथं मला दिसलं नाही’ असंही तो सांगत नाही, आणि हीच त्यातली खरी खोट आहे.

यासाठी ‘एक्स्पान्शनहंटर’सारखे वेगळे प्रोग्रॅम चालवावे लागतात. एक बांध दिसणारे फोटो किती आणि नुसत्या उसाचे किती, यावरून ते फडाच्या लांबीचा अंदाज बांधतात. सी९ऑर्फ७२ या जनुकात मात्र हा अंदाजही तोकडा पडतो. एएलएस (स्नायू हळूहळू लुळे पाडणारा चेतापेशींचा आजार) आणि पुढच्या मेंदूच्या स्मृतिभ्रंशाशी असलेलं त्याचं नातं २०११ मध्ये उघड झालं. तिथं सहा अक्षरांचा गट शेकडो, कधी हजारांहून अधिक वेळा येतो, म्हणजे सहा हजार अक्षरांचा नुसता ऊस. ‘फड मोठा आहे’ एवढंच कळतं.

मोजणीत आणखी एक मेख आहे. एचटीटीमधल्या सीएजीच्या ओळीत शेवटून दुसऱ्या जागी सहसा सीएए असतं. दोन्हींचा अर्थ एकच, ग्लुटामिन हा प्रथिनाचा घटक, म्हणून प्रथिनात फरक पडत नाही. पण काहींच्या ओळीत हे सीएए नसतं, आणि त्यांना आजार लवकर गाठतो. नुसत्या लांबीवरून आकडा काढणारी चाचणी अशा वेळी सलग सीएजी दोनानं कमी सांगते. ३९ आणि ४१ यांतला फरक इथं किती मोठा आहे ते वर आलंच आहे.

कमी वयात कंपवात झाला असेल तर प्रश्न वेगळा असतो. सातारा-सांगलीकडे मामाची मुलगी करण्याची रीत जुनी. अशा जोडप्याच्या मुलात जीनोमचा सरासरी सोळावा भाग आईकडून आणि बापाकडून अगदी एकसारखा येतो. साधारण १९ कोटी अक्षरं झाली. दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणारे आजार शोधायला हे पट्टे सोयीचे: आधी तिथं बघायचं. अशा कंपवाताला कारण होणारं सहाव्या गुणसूत्रावरचं पार्किन जनुक १९९८ मध्ये सापडलं, त्यात अक्षर बदलण्यापेक्षा अख्खं एक्झॉन (जनुकाचा प्रथिनासाठी वापरला जाणारा तुकडा) गळण्याचे प्रकार बरेच आढळतात. फरकांच्या यादीत ते येत नाही, कारण जे नाही त्याची रीडच नसते. म्हणून खोली, म्हणजे एका जागेवर किती रीड आल्या ते, मोजायची. शेजारी ३० रीड आणि एका एक्झॉनवर १५ असतील तर एक प्रत गेलेली. शून्य असेल तर दोन्ही. एक प्रत गेलेली आणि दुसरीत चुकीचं अक्षर असेल, तर यादीत ते अक्षर ‘दोन्ही प्रतींत’ असल्यासारखं दिसतं. मामेबहिणीशी लग्न झालंय म्हटल्यावर त्यावर विश्वासही चटकन बसतो. आईबापांचे नमुने तपासले आणि ते अक्षर एकाकडेच सापडलं, की घोळ कळतो.

नमुन्यांची अदलाबदल तर सगळीकडे होते. पुरुषाच्या फाइलमध्ये वाय गुणसूत्राची रीड आहेत का, सख्ख्या भावंडांत निम्मं साम्य आहे का, हे आधी बघून घ्यावं. नात्यातल्या लग्नांच्या घरात साम्य निम्म्याच्या वर जातं, ती अदलाबदल समजू नये. जनुकांची यादी एक्सेलमध्येही उघडू नये. सेप्ट२ या जनुकाच्या नावाचं तो ‘२ सप्टेंबर’ करायचा. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलावी लागली.

एखादा फरक दुर्मीळ आहे म्हणून तो दोषी, हा निष्कर्षही जपून काढायचा. युरोपीय वंशाच्या लोकांत न दिसणारं अक्षर माणदेशात घरोघरी असू शकतं. जीनोमइंडिया प्रकल्पाची दहा हजार भारतीयांची माहिती फरिदाबादच्या केंद्रात ठेवलेली आहे, ती संशोधकांसाठी २०२५ मध्ये खुली झाली. तुलना तिच्याशीही करावी.

उसाच्या फडावरचा थेट उपाय म्हणजे लांब रीड: एका वाचनात दहा-वीस हजार अक्षरं, दोन्ही बांध एकाच फोटोत. मात्र त्यासाठी डीएनए अखंड हवा. रक्त गोठवून, वितळवून पुन्हा गोठवलं किंवा काढलेला डीएनए यंत्रावर जोरात घुसळला, की तो प्रयोगशाळेतच तुटतो. आणि चिठ्ठीवर नुसतं ‘संपूर्ण जीनोम’ लिहून भागत नाही. ‘एचटीटीमधले सीएजी मोजा, सीएए आहे का बघा’ किंवा ‘पार्किनच्या बाराही एक्झॉनची खोली कळवा’ असं लिहावं लागतं.