मूड डिसऑर्डर असलेल्या पालकांची मुलं: ताण आणि डिप्रेशनचा धोका

आईला किंवा वडिलांना डिप्रेशन असेल तर मुलांना ते होण्याचा धोका इतर मुलांच्या साधारण दुप्पट ते तिप्पट धरतात. संशोधक मर्ना वाइसमन यांच्या टीमने १९८० च्या दशकात अमेरिकेत सुरू केलेल्या अभ्यासात तिप्पटीच्या आसपासचा आकडा आला, पुढे त्याच घरांतल्या नातवंडांपर्यंत तो अभ्यास गेला. डिप्रेशन पहिल्यांदा होण्याचा धोका १५ ते २० या वयात सगळ्यात जास्त असतो.

हे येतं कुठून यावर मात्र अजून वाद आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून डिप्रेशनमध्ये आनुवंशिकतेचा वाटा ३७ टक्क्यांच्या आसपास काढतात, बायपोलरमध्ये (यात मूड कधी अति उत्साही, कधी अगदी खालावलेला असतो) तो बराच जास्त. २००३ मध्ये कास्पी आणि सहकाऱ्यांनी मांडलं की सेरोटोनिनशी (मेंदूतल्या एका रसायनाशी) संबंधित एका जीनचा ठरावीक प्रकार असेल तर ताणाचा फटका जास्त बसतो, त्यावर खूप गाजावाजा झाला, पण २००९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा तो संबंध टिकला नाही, त्यामुळे एकाच जीनकडे बोट दाखवणं आता पटत नाही. उलट दत्तक मुलांमध्येही, म्हणजे आईशी रक्ताचं नातं नसताना, आईच्या डिप्रेशनचा परिणाम दिसलाय. गुडमन आणि गॉटलिब यांनी १९९९ मध्ये जीन्स, बाळाची ताण झेलणारी यंत्रणा, आईचं वागणं आणि घरातले ताण हे सगळं एकत्र धरलं, आणि तेच जास्त पटण्यासारखं आहे.

ताण म्हणजे फक्त भांडणं किंवा पैशाची ओढाताण नव्हे. मानसशास्त्रज्ञ ट्रॉनिक यांच्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगात आईला (ती आजारी नव्हती) दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवायला सांगितलं, बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, मग ओरडतं, आणि शेवटी मान फिरवून घेतं. डिप्रेशनमधल्या आईकडून असा प्रतिसाद न मिळणं रोजचं होऊ शकतं, यात तिचा दोष नाही, आजारच तसा आहे.

वडिलांवर संशोधन बरंच कमी आहे.

२००६ च्या एका अभ्यासात औषधाने तीन महिन्यांत बऱ्या झालेल्या आयांच्या मुलांचाही त्रास कमी झाला. २००९ च्या एका अभ्यासात अशा पालकांच्या किशोर मुलांसाठी घेतलेल्या ग्रुप थेरपीने डिप्रेशन टळायला मदत झाली, पण ज्यांचे पालक त्यावेळी स्वतः डिप्रेशनमध्ये होते त्यांना तो फायदा मिळाला नाही. म्हणून मुलाला तपासायला आणलं की आईवडिलांची ट्रीटमेंट चालू आहे का, हे आधी विचारायला हवं.